पाठ फिरवल्यावर

आमच्या घरात पहिल्या आकड्याला कुणी हो म्हणत नसे. घर म्हणजे दुबईशेजारच्या अजमानमधल्या एका जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या. खाली मलबारी माणसाचं किराणा दुकान, समोर मशीद आणि मशिदीमागे रिकामा वाळूचा प्लॉट, ज्यात संध्याकाळी पठाणांची पोरं क्रिकेट खेळत. पण खरं घर म्हणजे इंडस्ट्रियल एरियातलं आमचं किचन. अप्पांनी ते एका गाळ्यात सुरू केलं होतं. शारजा-अजमानमध्ये एकट्या राहणाऱ्या नोकरदारांना तिथून डबे जात. पहाटे एक्झॉस्ट फॅन सुरू झाला की त्याचा घरघराट दिवसभर थांबत नसे, आणि तो बंद झाला की कान एकदम रिकामे वाटत. कुकरच्या शिट्ट्या, अजान, पोळ्या लाटणाऱ्या नेपाळी बायकांच्या बांगड्या, आईचं "मीठ बघा गं आधी" हे ओरडणं, सगळं त्या घरघरीच्या वरच्या पट्टीत चाले. शुक्रवारी मटणाचा तांबडा रस्सा असे. त्यासाठीचा मसाला इस्लामपूरहून चुलत्याच्या घरून सुटकेसमध्ये, साड्यांच्या घडीत लपेटून यायचा. साड्यांना तो वास कायमचा लागलेला असे. आई इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला ती साडी नेसून गेली की पुण्याच्या बायका नाक जरासं वर करत. मी लहान होते, पण ते नाक मला दिसायचं. माझा राग तिथूनच सुरू झाला असावा.

अप्पा मला पाचवीपासून शारजाच्या भाजीबाजारात नेत. आई म्हणे, पोरीला शाळेचा अभ्यास असतो. अप्पा म्हणत, हाही अभ्यासच आहे. त्यांनी दोनच गोष्टी शिकवल्या. पहिली, गरज दाखवायची नाही. घरी कांद्याचं एक सालसुद्धा शिल्लक नसलं तरी कांद्याकडे असं बघायचं की जणू चुकून नजर गेली. गरज दिसली की भाव चढतो. दुसरी, पाठ फिरवायची. आकडा जुळला नाही तर वाद घालायचा नाही, "मग राहू दे" म्हणायचं आणि निघायचं. चालताना खांदे सैल हवेत, मागे बघायचं नाही, पावलं घाईची नकोत आणि रेंगाळणारीही नकोत. दोन दुकानं ओलांडेपर्यंत मागून हाक येते. माझी पहिली पाठ मी खानचाचा म्हणून एक पठाण होता त्याच्यासमोर फिरवली. पाठीला मुंग्या आल्या होत्या. हाक येत नाही, येत नाही, आणि मग आली: "ए बेटी! इधर आ, यल्ला! इतना गुस्सा? ले जा, बाप को सलाम बोलना." अप्पा गाडीपाशी उभे राहून हसत होते. पंधराव्या वर्षी मी त्यांच्यापेक्षा चांगली पाठ फिरवत होते. भांडायचेही जास्त. नाव शीतल आणि डोकं म्हणजे तापलेला तवा, असं सगळे म्हणत. हाक मारली नाही तर काय करायचं, हे मात्र अप्पांनी शिकवलं नव्हतं. त्यांच्यावर तशी वेळ आली नव्हती.

एका भारतीय विद्यापीठाच्या इथल्या केंद्रातून मी पदवी घेतली, तेव्हा पुढे काय हा प्रश्न घरात कुणी विचारला नाही. उत्तर त्यांना ठाऊक होतं. बाजार माझ्या हातात होता, गाडीवाले माझं ऐकत, परवान्याची तपासणी करायला येणाऱ्या माणसांशी मोडकं अरबी मीच बोलत असे. प्रश्न विचारला तो मंडळाच्या गणपतीत, लिमये काकांनी. ते मंडळाचे अध्यक्ष, दुबईत मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांची मुलं शिकायला कॅनडात. हातातल्या कागदी प्लेटमधली आमचीच मसालेभाताची मूद चिवडत ते म्हणाले, "मग शीतल, आता काय? डबेच ना? नाही, चांगलंच आहे ते. कुणीतरी केलंच पाहिजे." मी हसले. घरी येऊन मात्र हंडा इतका घासला की आई म्हणाली, "भोक पडेल त्याला."

त्यानंतर मी रोज दुपारी किचनच्या मागच्या कोंदट ऑफिसात, तेलकट कीबोर्डवर, फेलोशिप शोधायला लागले. पदवीनंतर एखाद्या सामाजिक संस्थेत वर्षभर प्रत्यक्ष काम करायचं, राहण्याजेवणापुरतं मानधन मिळायचं, असे कार्यक्रम भारतात बरेच होते. मला त्यातलं पुण्य नको होतं. खरं सांगायचं तर मला असं एखादं काम हवं होतं, ज्यावर अप्पांचं नाव नसेल आणि ज्याबद्दल लिमये काकांना प्लेट चिवडत बोलता येणार नाही. जाहिराती वाचताना डोकं फिरायचं. सगळ्यांना "सामाजिक कामाचा अनुभव" हवा. मंडळातल्या मुलांकडे समुद्रकिनारा साफ केल्याची प्रमाणपत्रं होती. किनारा साफ केल्यावर भूक लागलेल्या त्या पोरांना वडापाव आम्ही पुरवला होता, पण वडापावचं प्रमाणपत्र मिळत नाही. एका संस्थेचा अर्ज तर माझा मोबाइल नंबरच घेईना, त्याला दहा आकडी भारतीय नंबर हवा. आणि पिनकोड! इथे पिनकोड नसतो हो. इथे पोस्टाची पेटी असते, तीसुद्धा किचनच्या नावाची. दोनदा अर्ज शेवटच्या पानावर येऊन त्या एका चौकटीपाशी अडकला. शेवटी मी इस्लामपूरच्या चुलत्याचा पत्ता, त्याचा पिनकोड आणि त्याचा मोबाइल नंबर टाकला. अर्ज गेला. नकार आले. आणखी अर्ज केले, आणखी नकार आले. एका संस्थेने तर माझं नाव "सर शीतल" असं लिहून आभार मानले.

आणि मग ती जाहिरात दिसली. आदिवासी भागातल्या मुलींची वसतिगृहं, तिथली स्वयंपाकघरं. धान्य खराब येतं, भाजी मिळत नाही, मुली अर्धपोटी झोपतात. गावातल्या बचत गटांना हाताशी धरून ही स्वयंपाकघरं वर्षभरात उभी करून द्यायची. मी ते दोनदा वाचलं. उठून किचनमध्ये गेले, रश्श्याच्या पातेल्यावरचं झाकण उगाच उचललं आणि परत ठेवलं. अशी जाहिरात कुणी माझ्यासाठीच लिहिली असेल असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. हे काम मला येत होतं. शिकायला नाही, करायला जायचं होतं.

अर्जासोबत निबंध हवा होता आणि ओळखीच्या प्रतिष्ठित माणसाची शिफारस. प्रतिष्ठित म्हणजे लिमये काकाच. ते हो म्हणाले, वर निबंधही तपासून दिला. त्यांनी माझा खानचाचा काढून टाकला होता, कांदे काढले होते आणि सगळीकडे "पॅशन" घातलं होतं. मी पॅशन काढलं आणि कांदे परत घातले. पहिल्या फेरीत निवड झाली. पण याही अर्जात नंबर चुलत्याचाच, म्हणून हे कळवायला फोन आला तो त्याला. चुलता शेतातून आलेला, आनंदाने फुललेला. त्याने त्यांना सांगितलं, "पोरगी दुबईला असते आमची! तिला काय कमी आहे हो तिकडं? सगळं आहे." मला त्याने हे मोठ्या अभिमानाने कळवलं. मी म्हटलं, "काका, आपण अजमानला असतो." तो म्हणाला, "तेच की गं. दुबईच."

या एका वाक्याचं किती भाडं मी भरलं, ते पुढे येईलच.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर होणार होती. आता, इथे त्या काळी इंटरनेटवरून कुणाशी बोलणं म्हणजे अशक्यच. सरकारने ते अडवलेले, कॉल लागत नसत. चित्र यायचं, गोल फिरायचं आणि मरायचं. लोक चोरवाटा वापरत, पण परवान्यावर जगणाऱ्या माणसाने चोरवाटेच्या वाऱ्याला उभं राहू नये असं अप्पांचं मत होतं आणि ते बरोबर होतं. मी संस्थेला कळवलं की साधा फोन करा. त्यांचं उत्तर आलं, "दुबईत नेट नाही?" पुढे हसरा चेहरा. पुन्हा लिमये काका. त्यांच्या ऑफिसात रीतसर परवानगीची मीटिंग रूम होती. सुट्टीच्या दिवशी ते माझ्यासाठी ऑफिस उघडायला तयार झाले. उपकार होते, नाकारत नाही. पण आमच्या घरात फुकट मिळालेल्या वस्तूला सगळे घाबरत. तिची किंमत मागून येते.

निघण्याआधी अप्पा गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "सहा महिन्यांचं काय?" हे मला माहीत होतं, सगळ्यांना माहीत असतं. इथला रहिवासी व्हिसा असलेला माणूस सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिला की व्हिसा रद्द होतो. मी अप्पांच्या व्हिशावर होते, अविवाहित मुलगी म्हणून. फेलोशिप वर्षाची. मधे एकदा काही दिवसांसाठी येऊन पासपोर्टावर शिक्का पाडून गेलं की झालं. मी म्हटलं, "मधली सुट्टी मागेन." अप्पा म्हणाले, "माग. पण कारण सांगू नको. अडलीये म्हणून कळलं की तुडवतील." ते डब्यांच्या व्हॅनमधून मला सोडायला आले होते. शारजातून बाहेर पडताना गाड्या अशा अडकल्या की इंजिन बंद करावं लागलं. सुट्टीचा दिवस असून ही तऱ्हा. माझ्या नव्या कुडत्याला फोडणीचा वास लागत चालला होता. मी काच खाली केली, तर गरम हवा आत आली, काच वर केली, तर वास. मी अप्पांवर ओरडले. त्यांनी हॉर्न वाजवला. दोघांनाही दुसरं काही करता येत नव्हतं.

मीटिंग रूम फ्रीजसारखी थंड होती. लिमये काका माझ्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे, खुर्ची ओढून बसले. "मी आहे गं, घाबरू नकोस," म्हणाले. ते नसते तर मी कमी घाबरले असते. पडद्यावर दोघं आले. सुजाताताई, संस्थेचं काम बघणाऱ्या, सुती साडी, चेहरा थकलेला पण डोळे जागे. आणि एक सर, निवड समितीचे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, तेवढी किंमतही मी त्यांना देणार नाही.

सरांचा पहिला प्रश्न: "दुबईत सगळं असताना इकडे कशाला?" चुलत्याचं वाक्य माझ्याआधीच तिथे पोचलेलं. मी म्हटलं, "सर, मी डबेवाल्याची मुलगी आहे. माझ्याकडे सगळं नाही, सगळे आहेत. भाजीवाले, गाडीवाले, तपासणीवाले." ताई हसल्या. मग त्यांनी विचारलं, "ठेकेदारानं किडकी डाळ पाठवली आणि परत घेत नाही म्हणाला तर?" मी म्हटलं, "गाडी उतरवूनच घ्यायची नाही, ताई. पोतं खाली आलं की ते तुमचं झालं. गाडीतच पोत्याच्या मधोमध हात घालायचा. वरची डाळ नेहमी चांगली असते." ताईंनी पेन खाली ठेवलं. मग आम्ही दोघीच बोलत राहिलो. चुलीची जागा, पाणी कुठून येतं, उरलेल्या भाताचं काय करायचं. सर मधूनमधून घड्याळ बघत होते. शेवटी ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि त्या म्हणाल्या, "शीतल, एरवी आम्ही नंतर कळवतो. पण आम्हाला तू हवी आहेस. पूर्ण वर्ष, मधे मोठी सुट्टी नाही. हो म्हणतेस?"

हो. तोंडापर्यंत आलं होतं. आजही जिभेवर तो शब्द जाणवतो. पण समोरच्याने पहिला आकडा टाकला होता, आणि पहिल्या आकड्याला माझ्या तोंडून हो निघत नसे, निघूच शकत नसे. मी खांदे सैल सोडले. म्हटलं, "मला मधे दोन आठवडे घरी यावं लागेल."

"कशासाठी?" सर म्हणाले.

गरज दाखवायची नाही. "घरी यावं लागेल," मी पुन्हा म्हटलं.

सर हसले. पडद्यावरचं हसणं जरा उशिरा ऐकू येतं, त्यामुळे आधी दात दिसले, मग आवाज आला. "मला वाटलंच होतं. बाळ, तिथे मॉल नाहीत. ज्या मुली तिथे राहतात त्यांना दोन आठवडे दुबईला जाता येत नाही."

माझ्या कानशिलांत काहीतरी फुटलं. मागे लिमये काका खाकरले. तेवढ्या खाकरण्याने माझा उरलासुरला तोल गेला. मी म्हटलं, "मग राहू दे," आणि उठले.

मी खुर्ची नीट आत सरकवली, दाराकडे चालले. घाई नाही, रेंगाळणं नाही. दारापर्यंत हाक येणार हे मला माहीत होतं. ताईंना मी हवी होते, त्यांनी स्वतः म्हटलं होतं. गिऱ्हाईकाला माल हवा आहे हे कळल्यावर पाठ फिरवली तर हाक येतेच. मागे काकांचा आवाज आला, "एक मिनिट हं मॅडम, एक मिनिट," आणि मग कॉल बंद झाल्याचा तो टुंकन आवाज.

खाली पार्किंगमध्ये अप्पांनी विचारलं, "काय झालं?"

"पाठ फिरवली."

"शाबास," ते म्हणाले. "आता गप बस. फोन येतोय बघ."

फोन आला. लिमये काकांचा. ते ओरडले नाहीत, पुण्याची माणसं ओरडत नाहीत. शांतपणे म्हणाले, "शीतल, तू काय भाजी घ्यायला आली होतीस का गं?" त्या दिवसानंतर मी त्यांच्या घरच्या कार्याचे डबे कधी स्वस्त लावले नाहीत. आजही लावत नाही. ते घेतात, दर ऐकून तोंड वाकडं करतात, मी बघते.

मग वाट बघणं सुरू झालं. फोन मी ओट्यावर, पिठापासून जरा लांब ठेवायची. एक्झॉस्टच्या आवाजात रिंग ऐकू आली नाही तर, म्हणून दर थोड्या वेळाने हात पुसून बघायची. इस्लामपूरला चुलत्याला फोन करून झापलं, नंबर बंद ठेवू नको, शेतात जाताना बरोबर ने. तो बिचारा मोबाइल टॉवेलात गुंडाळून पाणी पाजायला जाऊ लागला. अप्पा आधी रोज म्हणत, "येतोय." मग म्हणेनासे झाले. आणि मग मला दिसलं की ते बरे जेवताहेत, किचनमध्ये गुणगुणताहेत. मी म्हटलं, "तुम्हाला आनंद झालाय." ते म्हणाले, "मला कशाला? पण गेलीस तर बाजार कोण करणार, हा विचार सुटला एवढंच." मी कांद्याचं घमेलं खाली आदळलं. नेपाळी बायकांच्या बांगड्या थांबल्या. फक्त फॅन.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे डबे गेल्यावर, आई दोघींपुरत्या भाकरी थापत होती. भाकरी थापताना ती माणसाकडे बघत नाही, म्हणून तेव्हाच खरं बोलते. "तो सर भाजी आणायला जात असेल का गं?" तिने विचारलं.

"मला काय माहीत!"

"जात नसेल. बायको आणत असेल. त्याला ठाऊकच नसणार, कुणी उठून चाललं की हाक मारायची असते. त्याला वाटलं, गेली." तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "तुम्ही बापलेक इथे हाकेची वाट बघत बसलाय, आणि ते तिथे दुसरी पोरगी बघत असतील."

"मी परत फोन करणार नाही. परत जाणारा पूर्ण भाव देतो."

"मग दे," आई म्हणाली. "हवंय ना? मग पूर्ण भाव दे."

मी इमारतीखालच्या मलबाऱ्याकडून कॉलिंग कार्ड घेतलं, गच्चीवर गेले आणि सुजाताताईंना फोन लावला. पहिल्यांदाच आयुष्यात मी कुणाला तरी आधी गरज सांगितली. व्हिसा, सहा महिने, शिक्का. ताईंनी सहा महिन्यांचा नियम पुन्हा सांगायला लावला. कार्डावरचे पैसे जळत होते. मग म्हणाल्या, "अगं, हे त्या दिवशी का नाही बोललीस?" "घरची सवय," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "जागा अजून आहे. दुसऱ्या मुलीला उद्या कळवणार होतो. पण सर आता ऐकणार नाहीत. तू लिहून दे की मधे सुट्टी घेणार नाही. मग मी तुझं नाव घालते."

"उद्या सांगते," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी ताटावर भांडण झालं. अप्पा म्हणाले, सुट्टी नाही तर जायचं नाही. मी म्हटलं, जाणार. ते म्हणाले, "व्हिसा गेला की तू या घरात पाहुणी. कळतंय का? बापाच्या घरी यायला पाहुण्याचा शिक्का!" मी म्हटलं, "तुम्ही इस्लामपूर सोडलंत तेव्हा तुम्हाला कुणी सुट्टी दिली होती? आजी गेली तेव्हा तरी दिली का?" हे बोलायला नको होतं असं आईने डोळ्यांनी सांगितलं. अप्पांनी हात धुतला. "सहाव्या महिन्यात ये. मी बोलतो त्या सरांशी. हा माझा शेवटचा आकडा." मी म्हटलं, "नाही." त्यांनी किल्ल्या उचलल्या. "मग राहू दे," म्हणाले, आणि निघाले.

मी गॅलरीत गेले. ते खाली व्हॅनपाशी पोचले, दार उघडलं, पण आत बसले नाहीत. दार धरून उभे राहिले. खांदे सैल. मागे पाहिलं नाही. समोर मशिदीत सूर्यास्ताची, मगरीबची नमाज संपून माणसं बाहेर पडत होती, चपला शोधत होती. सगळी माणसं गेली, तरी ते उभेच. ते कशासाठी उभे आहेत हे त्या अख्ख्या गल्लीत फक्त मला ठाऊक होतं. मी कठडा धरून उभी होते. मी हाक मारली नाही. शेवटी ते गाडीत बसले आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी लिहून दिलं.

त्या वर्षाबद्दल इथे फार लिहीत नाही. काम झालं, एवढं पुरे. पहिल्याच आठवड्यात ठेकेदाराची गाडी फाटकावरून परत पाठवली. तो परत येईतो मुलींनी भात आणि कांदा खाल्ला, माझ्या नावाने बोटं मोडली. मग आला तो चांगली डाळ घेऊन. ताई माझ्या पाठीशी राहिल्या. सहावा महिना संपला त्या दिवशी अप्पांचा फोन आला. "खलास?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "खलास." मग ते टोमॅटोचा भाव सांगत बसले.

आणि त्याच सुमारास माझ्यासोबतचा एक फेलो, साताऱ्याचा मुलगा, पंधरा दिवस गावी गेला. भावाचं लग्न होतं. सरांनीच परवानगी दिली होती. ते भेटीला आले तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं, त्याला कशी? सर म्हणाले, "त्याच्या घरी लग्न होतं, शीतल." इतक्या सहज. लग्न हे कारण, आणि घर हे कारण नाही. मी त्यांना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला एकही शब्द मी आज परत घेणार नाही. लोक म्हणतात, एवढ्या वर्षांनी सोडून दे. का म्हणून? मी पूर्ण भाव दिलाय. ज्याला सवलत मिळाली त्याने सोडावं.

परत आले ती पाहुण्याच्या शिक्क्यावर. पाहुण्यांची रांग वेगळी असते. पलीकडे रहिवाशांची रांग भराभर सरकत होती आणि त्यात मला मंडळातली दोन माणसं दिसली, त्यांनी हात केला. बाहेर अप्पा व्हॅन घेऊन उभे होते. बॅग घेतली, म्हणाले, "वाळलीस." तेवढंच. पुढे मी अजमानच्या पलीकडे, उम्म अल कुवैनमध्ये स्वतःचं किचन काढलं, कामगारांच्या कॅम्पांना जेवण पुरवण्याचं. परवाना माझ्या नावाचा, व्हिसा माझ्या नावाचा. अप्पांचं वय झालं, त्यांचं किचन बंद केलं, तेव्हा त्यांचा आणि आईचा व्हिसा माझ्यावर घेतला. कागदावर आता त्यांची जबाबदारी माझी. नियम मात्र तोच, सहा महिन्यांचा. हल्ली कारण दाखवून परत यायची सोय झालीये म्हणतात, पण कारण दाखवायचं कुणी?

यंदा अप्पा एकटेच इस्लामपूरला गेले आणि रेंगाळले. पाच महिने उलटले तरी तिकिटाचं नाव काढेनात. चुलत्याची तब्येत उतरलीये हे मला आईकडून कळलं होतं. अप्पा स्वतः त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. परवा संध्याकाळी फोन केला. म्हटलं, "अप्पा, तिकीट काढतेय. पुढच्या आठवड्यात या."

"बघू," ते म्हणाले. "जरा राहीन म्हणतो."

"का?"

"असंच."

"असंच म्हणजे काय? व्हिसा जाईल. पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचं, मेडिकल, कागद, रांगा. तुम्हाला काही कळतं का? पुढच्या आठवड्यात या. हे शेवटचं."

पलीकडे बैलगाडी की काय वाजत गेलं. मग ते म्हणाले, "मग राहू दे," आणि फोन बंद झाला.

मी फोन हातात धरून बसले. माझी धाकटी लेक समोर टॅब्लेटवर काहीतरी बघत होती. मान वर न करता म्हणाली, "ममा, जस्ट कॉल हिम बॅक. व्हॉट्स द बिग डील?" तिने आयुष्यात कधी भाजीचा भाव केलेला नाही. आई आत भाकरी थापत होती, तिचा थप थप आवाज थांबला. तीही ऐकत होती.

मी फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला गेला.

"किती दिवस हवेत?" मी विचारलं.

"दिवाळीपर्यंत."

"बरं," मी म्हटलं.

मला वाटलं, लाइन गेली. मग त्यांचा आवाज आला, संशयाने भरलेला, थोडा दुखावलेला, पण जुना, बाजारातला. "एवढ्यात हो म्हणालीस? मग मी शिमग्यापर्यंत म्हणायला पाहिजे होतं."